साबणावर पांढरा थर येतो तो सोडा ॲश: येऊ नये म्हणून काय करायचं आणि आलाच तर कसा काढायचा

कोल्ड प्रोसेसचा (म्हणजे न शिजवता केलेला) साबण नव्याने करायला लागलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, दोन दिवसांनी मोल्ड उघडला तर वर पांढरी भुकटी बसलीये, रंग सगळा फिका पडलाय, हे काय झालं, बुरशी आली का, कॉस्टिक जास्त पडलं का, आता फेकून देऊ का? फेकू नका. बहुतेक वेळा तो सोडा ॲश असतो आणि साबण आतून एकदम व्यवस्थित असतो.

होतं काय ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. साबण मोल्डमध्ये ओतला तेव्हा तेल आणि लाय (पाण्यात विरघळवलेलं सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक) यांची रिॲक्शन सुरू झालेली असते पण संपलेली नसते. पृष्ठभागावर जो थोडा सोडियम हायड्रॉक्साइड अजून मोकळा आहे तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला भेटतो आणि त्याचा सोडियम कार्बोनेट बनतो, म्हणजे साधा धुण्याचा सोडा. पाणी उडत जातं तसं हे कार्बोनेट वर येऊन बारीक पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात बसतं. म्हणजे तीन गोष्टी लागतात, मोकळी लाय, पाणी आणि हवा, आणि हे सगळं मुख्यतः पहिल्या एक-दोन दिवसात घडतं कारण त्यानंतर मोकळी लाय फारशी उरतच नाही. हॉट प्रोसेसमध्ये साबण शिजवूनच घेतात त्यामुळे तिथे हा त्रास जवळजवळ नसतो.

त्रास किती? दिसायला वाईट, हाताला थोडं खरखरीत, आणि सोडा अल्कलाइन असल्यामुळे पहिल्या वापराला किंचित कोरडं वाटू शकतं. पाण्यात तो सहज विरघळतो, एक-दोनदा हात धुतले की गेला. म्हणजे घरच्या वापराला काहीच करायची गरज नाही हे आधीच सांगून टाकते, पुढचं सगळं ज्यांना साबण भेट द्यायचाय, विकायचाय किंवा स्वर्ल (रंगांची वळणदार नक्षी) काढायला एवढी मेहनत घेतलीये तो दिसलाच पाहिजे असं वाटतं त्यांच्यासाठी.

आधी खात्री करा की हा सोडा ॲशच आहे

थरावर पाण्याचा एक थेंब टाका. सोडा ॲश असेल तर ओल्या जागी पांढरेपणा गायब होऊन खालचा रंग दिसतो, आणि नुसतं ओलं करून सोडलं तर वाळल्यावर थोडाफार परत दिसायला लागतो. सोडा ॲश वरच्या कातडीपुरताच असतो, वडी कापली की आत काही नसतं. आत पांढरे ठिपके असतील तर ते बहुधा नीट न मिसळलेलं टायटॅनियम डायऑक्साइड (पांढरा रंग देणारी पूड), आत तडे गेल्यासारख्या अर्धपारदर्शक रेघा असतील तर त्या ग्लिसरीन रिव्हर्स, ह्या दोन्ही दिसण्यापुरत्याच. साबणावर पाण्यासारखे थेंब जमलेत तर ते दमट हवेतलं पाणी ग्लिसरीनने ओढून घेतलेलं. काही आठवड्यांनी केशरी डाग आणि खवट वास आला तर तेल खराब झालंय, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.

काळजी करायची ती एकाच गोष्टीची, कापल्यावर आत पोकळ्या आहेत आणि त्यात द्रव किंवा कडक पांढरे खडे आहेत. ते मोकळं कॉस्टिक असू शकतं. ग्लव्हज घालूनच हात लावा. शंका असेल तर झॅप टेस्ट करा, पण ती कापल्यावर दोनेक दिवसांनी, आणि वरचा थर खरवडून आतल्या बाजूला, कारण कार्बोनेट स्वतःच जिभेला झोंबतं आणि मग उगाच घाबरायला होतं. बोट ओलं करून साबणावर चोळायचं आणि जिभेच्या टोकाला जरासं लावायचं. साबणाची कडसर चव आली तर ठीक, बॅटरीचा सेल जिभेला लावल्यासारखा झटका बसला तर तो साबण अंगाला लावायचा नाही. दिसणाऱ्या पोकळीतलं किंवा खड्यावरचं मात्र चाटून बघू नका, ते तसंही बादच आहे.

पाणी, इथेच अर्धं काम होतं

सोडा ॲश म्हटलं की लोक लगेच अल्कोहोलची बाटली शोधायला धावतात. माझं मत विचाराल तर अल्कोहोल ही शेवटची पॉलिश आहे, मूळ दुखणं बहुतेक वेळा जास्तीच्या पाण्याचं असतं. ऑनलाइन लाय कॅल्क्युलेटरमध्ये पाण्याचा जो आकडा आधीपासून भरलेला असतो तो बऱ्याचदा तेलाच्या ३८ टक्के असतो आणि नवीन माणूस त्याला हात लावत नाही. आता हिशोब बघा. समजा १००० ग्रॅम तेल आहे आणि कॅल्क्युलेटरने त्याला १४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड काढून दिलं. ३८ टक्क्याने पाणी झालं ३८० ग्रॅम. म्हणजे लाय सोल्युशन एकूण ५२० ग्रॅम आणि त्यात कॉस्टिक साधारण २७ टक्के, बरंच पातळ. तेच तुम्ही "वॉटर ॲज पर्सेंट ऑफ ऑइल्स" सोडून "लाय कॉन्सन्ट्रेशन" (लाय सोल्युशनमध्ये कॉस्टिक किती टक्के) हा पर्याय निवडला आणि ३३ टाकलं तर पाणी येतं कॉस्टिकच्या जवळपास दुप्पट, म्हणजे साधारण २८० ग्रॅम. सरळ जवळपास शंभर ग्रॅम पाणी कमी, आणि एवढ्यानेच फरक दिसतो. कॉस्टिकचा आकडा मात्र तोच राहतो हं, कमी करायचंय ते फक्त पाणी. कॉस्टिक कमीजास्त करायला गेलात तर साबणच बिघडेल.

नवीन असाल तर ३३ वर थांबा. हात बसला की ३५, ३८ करून बघा, ४० टक्के म्हणजे ह्याच उदाहरणात २१० ग्रॅम पाणी, तिथे साबण पटकन घट्ट व्हायला लागतो आणि त्यात फुलांच्या वासाचं किंवा मसालेदार फ्रॅग्रन्स ऑइल पडलं तर भांड्यातच गोळा होऊन बसतो, मग कसलं स्वर्ल आणि कसलं काय. आणि कितीही झालं तरी पाणी कॉस्टिकच्या वजनापेक्षा कमी घ्यायचं नाही, ते पूर्ण विरघळणारच नाही आणि न विरघळलेले खडे साबणात गेले तर ते खरंच धोक्याचं.

पाणी कमी केल्यावर लाय जास्त तीव्र होते त्यामुळे चष्मा आणि ग्लव्हज ह्यात सूट नाही. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर नाही, खिडकी उघडी, भांडं ॲल्युमिनियमचं नको. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवायचं, व्हिनेगर लावत बसू नका.

तापमान आणि ट्रेस

गार गार साबण केला की रिॲक्शन रेंगाळते, आणि लाय जितका वेळ मोकळी तितका सोडा ॲशला वाव. त्यामुळे लाय आणि तेल दोन्ही रूम टेंपरेचरला येईपर्यंत थांबण्यापेक्षा साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसला मिसळा. दोन्हीत दोन-चार अंशांचा फरक असला तर काही बिघडत नाही. थर्मामीटर नसेल तर घ्या, हाताने भांड्याला स्पर्श करून अंदाज घेणं ह्या कामात चालत नाही.

मग ट्रेस, म्हणजे तेल आणि लाय एकजीव होऊन मिश्रण घट्ट व्हायला लागतं तो टप्पा. पातळ ट्रेसला ओतलेल्या साबणावर राख (म्हणजे हाच सोडा ॲश) जास्त येते असा बहुतेकांचा अनुभव आहे. त्यात स्टिक ब्लेंडरने जरा फिरवलं आणि घट्ट दिसलं म्हणून ओतलं तर कधी कधी तो खोटा ट्रेस असतो, म्हणजे कडक तेलं गार होऊन गोठायला लागलेली असतात, मिश्रण नीट एकजीव झालेलंच नसतं. त्यामुळे तेलं पूर्ण वितळलेली, पारदर्शक आहेत ना ते बघा आणि ब्लेंडर मधून मधून थांबवत मिडियम ट्रेसपर्यंत न्या, म्हणजे ब्लेंडर उचलल्यावर पडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहते तिथपर्यंत. स्वर्लसाठी पातळच ठेवायचं असेल तर ठेवा, फक्त मग पुढच्या झाकण्याच्या पायरीत आळस नको. नुसत्या ऑलिव्ह ऑइलचा साबण मुळात हळू जमतो, त्याला तर पाणी कमी आणि ऊब जास्त हे दोन्ही लागतंच.

ज्यांना प्रत्येक वेळी त्रास होतो ते तेलाच्या १ ते २ टक्के मधमाशांचं मेण घालतात, त्याने वरचा थर लवकर कडक होतो. पण मेण ६२-६४ अंशाच्या आसपास वितळतं त्यामुळे गार मिश्रणात त्याचे कण गोठतात, म्हणून तेलं जरा गरमच ठेवावी लागतात आणि ट्रेस धावत येतो. पहिल्या काही बॅचेसना हा खेळ नको.

ओतल्यावर काय

ओतून झालं, वरून टोकदार डोंगर-दऱ्यांचं टेक्श्चर काढलंत, छान. पण लक्षात ठेवा की जितका पृष्ठभाग उंचसखल तितका हवेशी संबंध जास्त, आणि राख नेमकी त्या टोकांवर आधी दिसते. सपाट साबण झाकायलाही सोपा. सपाट असेल तर क्लिंग फिल्म थेट साबणाला चिकटवून लावा, मध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, सुरकुती पडली तर तिचा ठसा साबणावर उमटतो म्हणून ताणून लावा. टेक्श्चर असेल तर मोल्डवर पुठ्ठा किंवा लाकडी झाकण ठेवा नाहीतर अख्खा मोल्ड एखाद्या खोक्यात ठेवून वर झाकण लावा. आतली रिकामी जागा कमीत कमी असली पाहिजे, मोठ्या टबात छोटा मोल्ड ठेवून उपयोग नाही, त्या टबात हवा आहेच की.

झाकायच्या आधी अल्कोहोल. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९१ टक्के किंवा ९९ टक्के घ्या, ७० टक्केवाल्यात उरलेलं जवळपास सगळं पाणी असतं आणि आपण तर पाणीच टाळतोय. बारीक फवारा मारणारी बाटली हवी, आठ-दहा इंचांवरून धुक्यासारखं हलकं मारायचं, थारोळं साचता कामा नये, मोठे थेंब पडले तर खड्डे पडतात आणि वरचा मायका (चमकदार रंगाची पूड) वाहून जातो. अल्कोहोल उडून जातं त्यामुळे एकदा मारून काम संपत नाही, ओतल्यावर लगेच एकदा, पंधरा-वीस मिनिटांनी परत एकदा, मग झाका. आणि हे पेट घेणारं द्रव आहे, गॅस, मेणबत्ती, गरम ओव्हन ह्यांच्या आसपास फवारायचं नाही. ओव्हनमध्ये साबण ठेवणार असाल तर अल्कोहोल वगळाच, ऊब मिळणार असेल तर त्याची फारशी गरजही पडत नाही.

ऊब, म्हणजे जेल फेज

माझ्या मते पाण्यानंतर सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे. रिॲक्शनची स्वतःची उष्णता टिकून राहिली तर साबण मधोमध गडद आणि थोडा पारदर्शक व्हायला लागतो आणि ते वर्तुळ हळूहळू कडांपर्यंत पसरतं, ह्याला जेल फेज म्हणतात. कडेपर्यंत पूर्ण जेल झालेल्या साबणात लाय भराभर वापरली जाते त्यामुळे हवेला मिळायला फार काही उरत नाही. शिवाय रंग उठावदार येतात आणि मोल्डमधून लवकर सुटतो.

एक किलोचा लाकडी लोफ मोल्ड असेल तर झाकून दोन जाड टॉवेलांत गुंडाळला की बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. सिलिकॉनच्या छोट्या छोट्या खाचांच्या मोल्डमध्ये मात्र उष्णता टिकत नाही, एकेका वडीत जीव तो किती, म्हणून छोट्या मोल्डमधल्या साबणावर राख हमखास जास्त. त्याला बाहेरून ऊब द्या. हीटिंग पॅड कमी सेटिंगवर ठेवून त्यावर मोल्ड, वर टॉवेल, अर्ध्या-पाऊण तासाने डोकावून बघायचं, जेल दिसला की पॅड बंद. किंवा ओव्हन ७५ अंशाच्या आसपास गरम करून बंद करायचा आणि मोल्ड आत ठेवून रात्रभर तसाच सोडायचा, दार उघडून सारखं बघत बसायचं नाही.

आता इथे एक गोम आहे जी नवीन माणसाला कुणी सांगत नाही. पाणी जास्त असेल तर साबण कमी तापमानाला जेल होतो, पाणी कमी केलं की जेल व्हायला जास्त उष्णता लागते. म्हणजे तुम्ही ३३ किंवा त्याच्या वर गेलात आणि टॉवेल मात्र आधीसारखाच एक पातळ, तर मधे जेल आणि कडेला नाही असं होतं, कापल्यावर प्रत्येक वडीत मधोमध गडद गोल दिसतो. हा दोष नाही, दिसायला खटकतं एवढंच, पण पाणी कमी कराल तेव्हा ऊब वाढवायची हे जोडीनेच लक्षात ठेवा.

दूध, मध किंवा साखर घातलेला साबण आपणहून तापतो. त्याला वरून ऊब दिली तर तडकतो, फुगतो, कधी मोल्डच्या बाहेर येतो. म्हणून असे साबण लोक उलट फ्रिजमध्ये ठेवून जेल टाळतात, आणि मग राख येते, शिवाय फ्रिजमधून बाहेर काढल्यावर गार साबणावर हवेतलं बाष्प जमतं ते वेगळंच. हे टाळायचं असेल तर बाहेर काढलेला मोल्ड झाकण न उघडता खोलीच्या तापमानाला पूर्ण येऊ द्या. फ्रिजचा साबण मऊ राहतो आणि उशिरा सुटतो, तीन-चार दिवस धीर धरा.

उघडण्याची घाई

पहिले २४ तास झाकण उचलायचं नाही, ४८ तास थांबलात तर आणखी चांगलं. हे वाचायला सोपं आहे, करायला अवघड, माहितीये. कोपऱ्यात बोटाने दाबून बघा, खळगा पडतोय किंवा बोटाला चिकटतोय तर साबण अजून कच्चा आहे. असा साबण कापला की कापलेल्या नव्या बाजूंवरही राख धरते, आणि मग लोक म्हणतात की वर नव्हती, बाजूंवर कुठून आली. इथून आली. कापल्यानंतर हवा फार दमट असेल तर वड्या उघड्या पंख्याखाली ठेवण्यापेक्षा पहिले एक-दोन दिवस खोक्यात सैल झाकून ठेवा, मग क्युअरिंगला (मुरत-वाळत ठेवायला) रॅकवर.

प्रत्येक बॅचला एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. पाणी, तापमान, अल्कोहोल, टॉवेल असं सगळं एकदम बदललं आणि राख आली नाही तर नक्की कशामुळे आली नाही ते कधीच कळणार नाही.

तरीही आलीच तर

लगेच काढायला बसू नका. साबण ताजा असताना काढली तर परत येऊ शकते, एक-दोन आठवडे क्युअर होऊ द्या.

वाफ हा माझा सगळ्यात आवडता उपाय. कपड्यांचा हँड स्टीमर असेल तर उत्तम, स्टीमची इस्त्रीही चालते, किटलीच्या वाफेवरही होतं पण हात सांभाळा. साबण सपाट ठेवून दोन-तीन इंचांवरून वाफ हळूहळू फिरवत न्यायची. बघता बघता पांढरं विरघळतं आणि खालचा रंग गडद, चमकदार वर येतो, मायकाच्या रेघा तर पहिल्यासारख्या लखलखतात. एका जागी थांबायचं नाही, पाणी ओघळायला लागलं की पुढे सरकायचं. मग हात न लावता पूर्ण वाळू द्यायचं, ओल्या साबणावर बोटाचा ठसा लगेच उमटतो. टेक्श्चर असलेल्या साबणाला हाच एक उपाय ज्याने टोकं शाबूत राहतात. वाळल्यावर कुठे पुसट दिसलंच तर परत एकदा वाफ.

थर जाड असेल, वड्या सपाट असतील तर धुवा. ग्लव्हज घाला, गार पाण्याच्या बारीक धारेखाली वडी धरून मऊ कापडाने किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्याने हलकेच फिरवा, काही सेकंदात थर निघतो. गरम पाणी नको, साबणच चिकट होतो. टिपून रॅकवर अशा ठेवा की एकमेकींना लागणार नाहीत. कडांवर थोडीशीच राख असेल तर अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसली तरी जाते.

सरळ कडा असतील तर बटाटे सोलायच्या सोलाण्याने किंवा साबणाच्या प्लेनरने अगदी पातळ पापुद्रा काढून टाका, खाली नवाकोरा पृष्ठभाग. निघालेले पापुद्रे फेकू नका, पुढच्या साबणात घालता येतात. हे क्युअरिंगच्या पहिल्या दोन आठवड्यांत सोपं जातं, नंतर साबण इतका कडक होतो की पापुद्र्याऐवजी तुकडे उडतात.

व्हिनेगरने पुसायचा सल्लाही फिरत असतो. सोडा ॲशवर व्हिनेगर टाकलं की ते फसफसून जातं हे खरं, पण ॲसिड खालच्या साबणालाही तोडतं आणि वर तेलकट, पांढुरका थर उरतो, म्हणजे एक घालवून दुसरं आणलं. करू नका.

गडद रंगाच्या साबणावर, त्यातही स्टॅम्प मारलेल्या, राख वाईट दिसेलच असं नाही. अशा वडीवर ओलं कापड फक्त उंच भागांवरून फिरवा, खोलगट रेघांमध्ये पांढरं तसंच राहू द्या, नक्षी उठून दिसते आणि विचारणाऱ्याला वाटतं मुद्दाम केलंय.